डावीकडच्या बाकावरचे साहेब

माझ्या मामेसासऱ्यांइतका भुताखेतांशी अदबीनं वागणारा माणूस साऱ्या वऱ्हाडात सापडायचा नाही. आणि जिवंत माणसांशी त्यांच्याइतकं फटकळ बोलणाराही. मामेसासरे म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. वरूडच्या पुढं, गावाबाहेर, स्वतःच्या संत्र्याच्या बगिच्यात घर बांधून राहतात. सारी नोकरी त्यांनी शाळेत चित्रकला शिकवण्यात घालवली. एका पालकाला त्यांनी भर सभेत सांगितलं होतं, "तुमच्या पोराचा बैल कुत्र्यासारखा दिसते, अन् कुत्रा तुमच्यासारखा." माझ्या लग्नात माझे वडील दोन शब्द बोलायला उभे राहिले, तेव्हा दुसऱ्याच शब्दाला हे म्हणाले, "व्याही, झालं असन तं पंगत बसवू." पण हाच माणूस नाल्याकाठच्या चिंचेखालून जाताना चपला काढून हातात घ्यायचा. विहिरीवरची मोटर सुरू करण्याआधी काठावरून आत वाकून, "पाणी घेऊन राहिलो जी," असं हळूच सांगायचा. एखादं वाळलेलं झाड तोडायचं झालं, की कुऱ्हाडवाल्याला थांबवून खोडावर हलकेच टिचकी मारायची आणि "कोणी असान तं उतरून घ्या," म्हणून थोडा वेळ वाट पाहायची. मी एकदा विचारलं, "मामाजी, विहिरीत आहे तरी कोण?" ते म्हणाले, "नसन कोणी. पण असलं तं? सांगण्यात आपल्या बापाचं काय जाते?" माझं अकोल्याला जठारपेठेत औषधांचं दुकान आहे. माणसं आजारापेक्षा भीतीनंच जास्त गोळ्या खातात, हे मी रोज पाहतो. पण मामाजींना भीती वाटत नव्हती. ती निव्वळ रीतभात होती. जिवंत माणसांसाठी मात्र त्यांच्याकडं ती शिल्लक राहत नसे.

असा हा माणूस जबलपूरला एका जुन्या विद्यार्थ्याच्या मुलीच्या लग्नाला गेला. निघताना मामींनी साडी आणायला सांगितली. लग्नानंतर मामाजींचा फोन आला, "हिरवी घेतली." मामींना आनंद झाला. तो त्यांनी शेजारणींत वाटला, आम्हालाही फोनवरून पोचवला. नंतर कळलं की हा विद्यार्थी सैन्यानं लिलावात काढलेल्या जुन्या गाड्या विकत घेऊन मोडीत काढण्याचा धंदा करतो, आणि मामाजींनी त्याच्या वाड्यातून घेतला तो एक तीन टनी लष्करी ट्रक. मामींनी कपाळाला हात लावला. "साडी कोठी, ट्रक कोठी! अवो, त्याले काठ तरी हाय का?" त्यावर मामाजी गंभीरपणे म्हणाले, "ताडपत्री हाय."

इतक्या गाड्यांतून हीच का घेतली, हे त्यांनी मला पुढं सांगितलं. त्या वाड्यात ट्रक रांगेनं उभे होते. कोणाची चाकं गेलेली, कोणाची बोनेटं उघडी. "सारे समोर पाहून राहिले होते जावईबापू. माणूस मरतानी पाह्यते तसे. हा एकटा माह्याकडं पाहून राहिला होता. मी डावीकडं गेलो तं डावीकडं पाहे, उजवीकडं गेलो तं उजवीकडं." विद्यार्थी म्हणाला, सर, याला उद्या कापायला घेणार आहे. मामाजींनी त्याला शाळेतल्यासारखंच दटावलं, "खबरदार. अंदर माणूस बसेल हाय." विद्यार्थ्यानं केबिनमध्ये डोकावून पाहिलं. आत कोणी नव्हतं. पण तो धंद्यातला माणूस असूनही त्यानं सरांशी वाद घातला नाही. दरवाजा हलक्या हातानं लावून घेतला, एवढंच.

ट्रक चालू होण्याच्या अवस्थेत नव्हता. लांबलचक ट्रेलरवर साखळदंडांनी जखडून तो जबलपूरहून निघाला. नागपूर ओलांडून अमरावतीकडं येता येता ट्रेलरच्या ड्रायव्हरनं गुरुकुंज मोझरीला आश्रमासमोर गाडी लावली आणि मामाजींना फोन केला की इथून पुढं मी येत नाही. मी त्या दिवशी दुकानाच्या मालासाठी अमरावतीला आलो होतो. मामाजी बसनं येऊन मला भेटले आणि माझ्या गाडीतून आम्ही दोघं मोझरीला गेलो. फाल्गुनातली टळटळीत दुपार. दर्शनाला आलेली मंडळी ट्रेलरभोवती जमली होती. एका आजीनं लष्कराची गाडी म्हणून ट्रकच्या चाकाला हळदकुंकूही वाहून टाकलं होतं. ड्रायव्हर मात्र लांब, लिंबाखाली बसला होता. धिप्पाड गडी, पण ट्रेलरकडं पाठ फिरवून.

"साहब, उसमें कोई बैठा है," तो म्हणाला. "सिवनी से देख रहा हूँ. मेरे बाएँ आईने में उसकी कोहनी दिखती है. खिड़की पे कोहनी रखके बैठा है. रोकता हूँ, ऊपर चढ़के देखता हूँ, तो कोई नहीं. चलाता हूँ, तो फिर कोहनी."

मी ट्रेलरवर चढलो आणि केबिनमध्ये पाहिलं. फाटकी गादी, स्टिअरिंगवर धूळ, डावीकडं दोघं बसतील असा रुंद बाक. बाकाच्या गादीत, खिडकीकडच्या बाजूला, कोणी नुकतंच उठून गेल्यासारखा खळगा होता. तो जुन्या स्पंजचा असणार, असं मी स्वतःला सांगितलं. खिडकीच्या पत्र्यावर हात ठेवला आणि झटक्यानं काढला. ऊन एवढं, की ट्रेलरच्या साखळीला बोट लागत नव्हतं. आणि तो पत्रा रांजणासारखा गार होता.

मामाजी खालून ओरडले, "हाय का?"

"कोणी नाही, मामाजी."

"मंग बसू द्या," ते ड्रायव्हरला म्हणाले, "बसलेला हाय, तुले काही मागून राहिला का? त्याचं का तिकीट काढाचं हाय?" मग ते स्वतः ट्रेलरवर चढले, डाव्या खिडकीशी टोपी काढून उभे राहिले आणि वर्गात कधी कोणी ऐकला नसेल अशा मऊ आवाजात म्हणाले, "साहेब, थोडंच रायलं आता. अमरावती आलीच." ड्रायव्हर आमच्या मागोमाग निघाला. त्यानं डावा आरसा तेवढा कागद चिकटवून बंद केला होता.

दुरुस्ती अमरावतीला बडनेरा रोडवर रशीदमिस्त्रींच्या गॅरेजमध्ये चालली. डिझेल पंप, सेल्फ, ब्रेकचे रबर, बॅटऱ्या, सगळंच काढून बसवायचं होतं. मामाजी रोज वरूडहून एसटीनं यायचे आणि स्टुलावर बसून मिस्त्रींच्या कामावर टीका करायचे. इंजिनातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण "तो पाना वाकडा धरला तुमी, चित्र बिघडते," असं म्हणायला कळावं लागत नाही. रशीदमिस्त्रीही तोंडाचे तिखट. ते म्हणायचे, "मास्तर, तुमी रंग सांगा, अंदरचं मी पाह्यतो." दोघांचं अगदी छान जमलं. शेवटी एक दिवस इंजिन लागलं. सारं गॅरेज हादरलं, काळा धूर निघाला, मामाजींच्या डोळ्यांत पाणी आलं. ते धुरामुळं, असं त्यांचं म्हणणं. चक्कर मारून यावी म्हणून मी हौसेनं डावीकडं चढून बसलो. मी बसलो आणि इंजिन बंद पडलं. मिस्त्रींनी सेल्फ मारला, काही नाही. डिझेल पाहायला मला खाली उतरवलं. उतरलो तर एका सेल्फला चालू. पुन्हा चढलो, पुन्हा बंद. मग एक कारागीर बसवून पाहिला, मग शेजारचा पानवाला. प्रत्येकाच्या बुडाला गादी टेकली की इंजिन गप्प. मिस्त्रींनी वायर न् वायर पाहिली, बाकाखाली आडवं पडून पाहिलं. बाहेर आले तेव्हा त्यांचे ओठ निळसर झाले होते आणि ते हात चोळत होते.

"मास्तर, गाडीत बिघाड नाई," ते म्हणाले. "सवारी पहलेच बसेल हाय. मी बिघाड दुरुस्त करतो. मानूस नाई करत."

"मी तं पहिल्या दिवसापासून सांगून राहिलो," मामाजी म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर, वर्गातल्या सगळ्यात ढ पोराला एकदाचं गणित सुटल्यावर मास्तरांच्या चेहऱ्यावर येतं, तसं समाधान होतं.

गाडी पासिंगला नेली तेव्हाची गोष्ट मामाजी रंगवून सांगतात. तपासणीचे साहेब सवयीनं डावीकडून चढायला लागले. मामाजी म्हणाले, "तिथं नोका बसू." का, असं विचारल्यावर खरं सांगण्याशिवाय दुसरं काही त्यांना येत नव्हतं. "तिथं एक साहेब बसेल हाय, तुमच्याहून मोठे." साहेब हसले आणि पायरीवर पाय ठेवून आत वाकले. मग ते तसेच, वाकलेलेच, बराच वेळ राहिले. खाली उतरले ते रुमालानं कपाळ पुसत. ब्रेक, दिवे, हॉर्न सगळं त्यांनी बाहेर उभं राहून तपासलं आणि काम उरकून दिलं. जाताना मात्र मामाजींना बाजूला घेऊन त्यांनी हळूच विचारलं, "ते नेहमीच असे समोर पाहत बसतात का?"

ट्रक बगिच्यात आला आणि आम्ही सारे नातेवाईक अचानक मामाजींवर प्रेम करू लागलो. त्या उन्हाळ्यात वऱ्हाड नुसतं भाजून निघत होतं. कूलरमधून भट्टीचा वारा यायचा, आणि या ट्रकची केबिन आतून पहाटेसारखी गार. गारव्याला वासही होता. ओल्या लोकरीचा, आणि आमच्याकडं होत नाहीत अशा कुठल्यातरी झाडांच्या चिकाचा. मामी दह्याचं गाडगं आणि कोथिंबीर ड्रायव्हरच्या बाजूला ठेवू लागल्या. आम्ही जावईलोक स्टिअरिंगमागं पाळीपाळीनं वारा खायला बसायचो. पण एकेकट्यानं तिथं कोणी फार वेळ टिकत नसे. डावीकडं पाहायचं नाही असं ठरवून माणूस बसायचा, आणि मग आपण डावीकडं पाहत नाही आहोत याशिवाय दुसरं काही त्याला सुचायचं नाही. माझे साडू एकदा आत पेपर वाचत बसले होते. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "मी पान उलटलं, तं बाजूनं कोणी तरी श्वास सोडला. त्याचं वाचून व्हायचं होतं, असा." रात्री काच वर करून ठेवली तरी सकाळी डावी खिडकी उघडी असायची. "बाह्यर पाहावंसं वाटत असन त्यायले," मामाजी म्हणायचे. बैल त्या बाजूनं जायला नकार द्यायचे. उलट बगिच्यातला कुत्रा दिवसभर डाव्या पायरीशी बसून राही आणि मधूनच, कोणी डोक्यावरून हात फिरवावा तसे कान पाडून शेपूट हलवी.

मामाजी मात्र खुलले होते. संत्री नसली तरी ट्रक घेऊन वरूडला चक्कर मारून यायचे. तासन्‌तास गाडी चालवत त्या रिकाम्या बाकाशी बोलायचे. पाऊसपाणी, झाडांचा रोग, शाळेतली पोरं. मी एकदा मागं हौद्यात बसून गेलो होतो, तेव्हा ऐकलं. ते विचारत होते, "तुमच्या इकडं बरफच असन बाराही महिने, नाई का?" मग थोडा वेळ थांबले, जणू ऐकून घेतलं, आणि म्हणाले, "हो ना. पाय तं गारठतच असन." मामी त्या दिवसांत माझ्या बायकोला म्हणाल्या, "लग्नाले इतकी वर्षं झाली. माह्यासंगं इतकं कदी बोलले नाई वं हे."

भाद्रपदात त्यांच्याकडं महालक्ष्म्या बसतात, म्हणून आम्ही दोघं अकोल्याहून गेलो होतो. आदल्या दिवसापासून पावसानं झोड उठवली होती. बगिच्यातून डांबरी रस्त्याला लागायला एक नाला ओलांडावा लागतो. त्यावरचा बुटका पूल पाण्याखाली गेला होता, आणि माझी छोटी गाडी अंगणात बदकासारखी उभी होती. जेवणाच्या दिवशी सकाळी मामी पत्री आणायला कुंपणाकडं गेल्या. ओरडल्या नाहीत. उजवा हात डाव्या हातानं धरून चालत परत आल्या आणि ओट्यावर बसून म्हणाल्या, "अवो, परड डसली." परड म्हणजे घोणस. बोटाशी दोन दात लागले होते आणि हात बघता बघता सुजत होता. वरूडच्या दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर म्हणाले, आणा, लगेच आणा, हलू देऊ नका, आदळआपट होऊ देऊ नका.

नाला पार करू शकेल असं एकच वाहन घरी होतं. मागच्या हौद्यात मामींना झोपवावं, तर त्या रस्त्यानं त्या चेंडूसारख्या उडाल्या असत्या. बसण्यासारखी जागा एकच होती. मामाजींनी ट्रक सुरू करून ओट्याला लावला, खाली उतरले, डावं दार उघडलं आणि टोपी काढून हात जोडून उभे राहिले. पाऊस त्यांच्या टकलावरून ओघळत होता. अख्ख्या तालुक्याला उभं-आडवं बोललेला माणूस, आणि त्याला एवढं एक वाक्य बोलता येईना. मी ओरडलो, "मामाजी, सांगा ना त्यांना!" ते रडवेले होऊन म्हणाले, "काय सांगू? उतरा म्हणू? असल्या पावसात उतरवू त्यायले?"

"व्हा तुमी बाजूले," मामी म्हणाल्या. माझ्या बायकोच्या खांद्यावर भार देऊन त्या दाराशी गेल्या. आत पाहिलं, आणि दारात उभ्या पाहुण्याशी बोलावं तशा साध्या आवाजात म्हणाल्या, "भाऊ, जरासे सरकून घ्या जी. मले दवाखान्यात जा लागते."

इंजिन चालू होतं. बाकाच्या जुन्या स्प्रिंगा करकरल्या, खिडकीकडचा खळगा हळूहळू भरून वर आला आणि मधल्या जागी गादी खाली गेली. मामी चढल्या, खिडकीशी बसल्या. इंजिन चालूच राहिलं. इतक्या महिन्यांत त्यांना सरका म्हणून कोणी विचारलंच नव्हतं.

आम्ही दोघं मागं हौद्यात चढलो. केबिनच्या मागच्या भिंतीला एक लहानशी काच आहे, तिला धरून बसलो. नाल्यात पाणी बोनेटपर्यंत आलं. पुलाचा काठ दिसत नव्हता. मध्यावर डावं चाक काठावरून घसरलं आणि सगळा ट्रक एका अंगावर कलला. इंजिन गुदमरलं, खोकलं. बायकोनं माझा हात नखं रुतेतो धरला. मला वाटलं, पाण्याच्या भीतीनं. पण ती पाण्याकडं पाहत नव्हती. काचेकडं पाहत होती.

"मधे कोण बसलंय?" तिनं विचारलं.

मी पाहिलं. काचेवरून पाणी वाहत होतं, पण तीन डोकी होती. उजवीकडं मामाजींचं टक्कल, डावीकडं मामींचा अंबाडा आणि मधे एक मान. सरळ, तरुण, केस बारीक कापलेले. दार उघडं पडून मामी बाहेर झुकल्या होत्या. ते मधलं माणूस त्यांच्याकडं वळलं आणि त्या आत खेचल्या गेल्या. मग ट्रकनं एक मोठा हिसका दिला, चाक काठावर चढलं, आणि आम्ही पलीकडं होतो. मी पुन्हा पाहायच्या आत काच आतून धुक्यानं पांढरी झाली होती.

दवाखान्यात इंजेक्शनं सुरू झाली. डॉक्टर चांगले होते, पण चिडलेले. मामींच्या दंडावर पाच बोटांचे निळे वळ उठले होते. ते मामाजींना म्हणाले, "साप चावलेला हात असा आवळून धरतात का? एवढे शिकलेले तुम्ही!"

"मी गाडी चालवून राहिलो होतो," मामाजी म्हणाले.

"मग कोणी धरला?"

मामाजींनी माझ्याकडं पाहिलं, मग छताकडं. "होते एक जण सोबत," ते म्हणाले.

मामी वाचल्या. हात बरेच दिवस सुजलेला राहिला, आणि वळ सूज उतरल्यावरही कितीतरी दिवस दिसत होते. दुसऱ्या दिवशी मी ट्रक आणायला दवाखान्याच्या आवारात गेलो, तेव्हा पाऊस उघडून कडक ऊन पडलं होतं. दार उघडलं आणि आतून गरम वाफ तोंडावर आली. कोणत्याही उन्हात उभ्या गाडीतून येते तशी. मामाजी माझ्या मागून आले. त्यांनी बाकावर हात ठेवला, काढला नाही. मग इंजिन सुरू करून मला म्हणाले, "बसा जावईबापू." मी बसलो. इंजिन चालूच राहिलं. बगिच्यापर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत, आणि मला पहिल्यांदाच त्यांनी काहीतरी टाकून बोलावं, असं फार वाटलं.

पुढं ते जबलपूरला जाऊन आले. ट्रक कुठून आला होता, कोण चालवत होतं, शेजारी कोण बसायचं, हे विचारायला. विद्यार्थ्याला काहीच माहीत नव्हतं. अशा गाड्या लॉटनं येतात, कोणाचं काय सांगणार? परत आले तेव्हा मामींसाठी साडी आणली होती. मामींनी ती उलगडून पाहिली, घडी घालून मांडीवर ठेवली. आंबिया बहाराची संत्री तोडायला आली होती, ट्रक दारात भरून उभा होता, आणि आम्ही सारे ओट्यावर जेवायला बसलो होतो.

"घर कोठी असन त्याचं?" मामींनी विचारलं.

"असन कुठीतरी. डोंगरात," मामाजी म्हणाले. "पोचला असन आता."

मामी थोडा वेळ ताटात बोट फिरवत राहिल्या. "इतके दिवस आपल्या दारात होता," त्या म्हणाल्या, "अन् आपण त्याले जेव म्हणून कदी विचारलं नाई."

मामाजींनी हातातला घास खाली ठेवला. "नाई विचारलं," ते म्हणाले. उठले, हात धुतला, आणि संत्र्याच्या झाडांतून नाल्याकडं चालू लागले. मामींनी त्यांना हाक मारली नाही. फक्त त्यांच्या ताटावर दुसरं ताट झाकून ठेवलं.